बाळाचा शॅम्पू, साबण, तेल आणि लेबलवरची बारीक अक्षरे

एक ते तीन वर्षांच्या मुलाच्या आंघोळीला लागणाऱ्या वस्तू मोजक्याच असतात: साबण किंवा बॉडी वॉश, शॅम्पू, डोक्याचे तेल आणि अंग पुसल्यावर लावायचे लोशन. पण या चार वस्तूंच्या लेबलांवरचे घटक एकत्र लिहून काढले, तर सहज चाळीस-पन्नास नावे होतात. त्यांतली बहुतेक निरुपद्रवी असतात, काही ठरावीक प्रमाणापर्यंत चालतात, आणि थोडी लहान मुलाच्या अंगाला लागूच नयेत अशी असतात. ही निवड दुकानात उभ्या उभ्या करता येते. त्यासाठी रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. लेबल कोणत्या नियमाने छापले जाते आणि कोणता घटक कशासाठी घातला जातो, एवढे माहीत असावे लागते.

मुलांसाठी वेगळी काळजी का, याची कारणे शरीराच्या मापातच आहेत. वजनाच्या मानाने कातडीचे क्षेत्रफळ काढले तर ते नवजात बाळात मोठ्या माणसाच्या सुमारे अडीच पट, आणि दोन वर्षांच्या मुलातही पावणेदोन पटीच्या आसपास भरते. म्हणजे आईने आणि मुलाने एकच लोशन सारख्याच जाडीने अंगभर लावले, तर दर किलो वजनामागे मुलाच्या वाट्याला बरेच जास्त द्रव्य येते. कातडीचा सर्वांत वरचा थर अजून पातळ असतो आणि लवकर कोरडा पडतो. शिवाय या वयाची मुले आंघोळीचे पाणी पितात, फेस चाटतात, तेलाचा हात तोंडात घालतात. डायपरखालची कातडी तर तासन्‌तास ओली आणि झाकलेली राहते. तिथे लावलेले काहीही नेहमीपेक्षा जास्त आत शिरते.

याची सर्वांत दुःखद नोंद फ्रान्समधली आहे. १९७२ साली तिथे ‘तालक मोरांज’ नावाच्या बेबी पावडरमध्ये हेक्झाक्लोरोफिन हे जंतुनाशक चुकून ६ टक्क्यांहून अधिक प्रमाणात मिसळले गेले. डायपरच्या जागी लावलेल्या त्या पावडरीतून ते कातडीवाटे शरीरात गेले आणि मज्जासंस्थेवर घाला पडला. दोनशेहून अधिक मुलांना विषबाधा झाली, त्यांतली ३६ दगावली. त्यानंतर १९७५ मध्ये फ्रान्सने सौंदर्यप्रसाधनांचा कायदा केला आणि १९७६ मध्ये युरोपीय समुदायाने सामाईक नियम आणले. आजच्या युरोपीय नियमात तीन वर्षांखालील मुलांच्या उत्पादनांची सुरक्षितता स्वतंत्रपणे तपासण्याचे बंधन आहे. लहान मुलांच्या वस्तूंबाबतचे कडक नियम बहुधा अशाच एखाद्या अनर्थानंतर आलेले आहेत, हे विसरून चालत नाही.

भारतात ही उत्पादने १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली येतात. त्याखालचे ‘सौंदर्यप्रसाधने नियम’ २०२० साली नव्याने लागू झाले. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस ४७०७ या मानकात कोणते रंग चालतात आणि कोणता कच्चा माल सौंदर्यप्रसाधनांसाठी सुरक्षित मानला जात नाही, यांच्या याद्या आहेत. लेबलवर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापराची मुदत आणि घटकांची यादी असावी लागते. ही यादी उतरत्या प्रमाणाने लिहायची असते: जे सर्वांत जास्त ते आधी. १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी, कोणत्याही क्रमाने लिहिले तरी चालतात. छोट्या पाकिटांना मात्र या यादीतून सूट आहे. दुकानात माळेसारख्या लटकणाऱ्या शॅम्पूच्या पुड्यांवर घटक छापलेले नसतात ते यामुळेच, आणि तेवढ्याच कारणाने ती पुडी लहान मुलासाठी घेऊ नये. जे वाचता येत नाही ते तपासता येत नाही.

यादी वाचताना एक खूण कामी येते. फिनॉक्सीइथेनॉल हे प्रिझर्व्हेटिव्ह बहुतेक बाटल्यांत असते आणि त्याची कमाल मर्यादा १ टक्का मानली जाते. म्हणजे यादीत त्याच्यानंतर आलेले जवळजवळ सगळे १ टक्क्याच्या आतले. बाटलीच्या दर्शनी भागावर बदामाचे मोठे चित्र असेल आणि यादीत बदामतेल फिनॉक्सीइथेनॉलच्या खाली असेल, तर त्या बाटलीत बदाम किती हे कळून चुकते. वनस्पतींची नावे यादीत लॅटिनमध्ये असतात: ‘कोकोस न्युसिफेरा’ म्हणजे नारळ, ‘प्रुनस अमिग्डालस डल्सिस’ म्हणजे गोड बदाम, ‘अलो बार्बाडेन्सिस’ म्हणजे कोरफड, ‘अ‍ॅक्वा’ म्हणजे साधे पाणी.

दुसरा भेद त्याहून महत्त्वाचा आहे: वस्तू लावून धुवायची आहे की लावून ठेवायची? शॅम्पू डोक्यावर मिनिटभर असतो. लोशन किंवा तेल दिवसभर. एखादा घटक शॅम्पूत खपवून घेता येतो आणि तोच लोशनमध्ये नाकारावा लागतो. वेळ कमी आणि काळजी जास्त अशा घरात आधी लोशन आणि तेलाचे लेबल वाचावे, मग शॅम्पूचे.

शॅम्पू आणि बॉडी वॉशमध्ये पाण्याखालोखाल सर्फॅक्टंट असते, म्हणजे मळ सोडवणारे आणि फेस करणारे द्रव्य. सोडियम लॉरिल सल्फेट हे त्यांतले सर्वांत उग्र. त्वचारोगतज्ज्ञ प्रयोगात कातडीला मुद्दाम दाह करायचा असेल तर प्रमाणित दाहक म्हणून हेच वापरतात. मुलाच्या अंगासाठी ते टाळायला एवढे कारण पुरे. त्याने कर्करोग होतो ही जुनी अफवा मात्र निराधार आहे. सोडियम लॉरेथ सल्फेट त्यामानाने सौम्य असते. ते बनवताना इथिलीन ऑक्साइड वापरले जाते आणि त्या प्रक्रियेत १,४-डायॉक्सेन हे नको असलेले द्रव्य तयार होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते ‘माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता’ असलेल्या गटात ठेवले आहे. कारखान्यात निर्वात प्रक्रियेने ते बऱ्याच अंशी काढून टाकता येते. पण ते मुद्दाम घातलेले नसल्यामुळे लेबलवर कधीच येत नाही. न्यूयॉर्क राज्याने अंग धुण्याच्या उत्पादनांत त्याला २०२२ अखेरपासून दशलक्षात २ भाग आणि २०२३ अखेरपासून १ भाग अशी मर्यादा घातली. ग्राहकाच्या हाती एवढेच उरते: नावात ‘लॉरेथ’ किंवा ‘पीईजी’ असलेल्या घटकांची गर्दी असेल तर दुसरी बाटली पाहावी. डेसिल ग्लुकोसाइड, कोको ग्लुकोसाइड, सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट, कोकामिडोप्रोपिल बिटेन ही नावे आधी दिसली तर उत्पादन सहसा सौम्य असते. यांतल्या बिटेनची आणि ग्लुकोसाइडची अ‍ॅलर्जी काहींना येते, पण तसे थोडेच असतात.

डोळ्यांना न झोंबणाऱ्या शॅम्पूत बधिर करणारे औषध असते असा समज पुष्कळ घरांत आहे. तसे काही त्यात नसते. त्यात उभयगुणी आणि भाररहित सर्फॅक्टंट अशा मेळाने घातलेली असतात की त्यांचे रेणू मोठ्या गोळ्यांच्या रूपात एकत्र राहतात आणि डोळ्याच्या पृष्ठभागाला कमी त्रास देतात.

वडीच्या साबणाची गोष्ट वेगळी. यादीत ‘सोडियम पामेट’ किंवा ‘सोडियम पाम कर्नेलेट’ दिसले तर तो खरा साबण, आणि खऱ्या साबणाचा पीएच ९ ते १० च्या घरात असतो. कातडीचा नैसर्गिक पीएच साधारण साडेपाच. निरोगी मूल हा फरक थोड्या वेळात भरून काढते. इसब असलेल्या मुलाची कातडी मात्र आणखी कोरडी होते. बोअरवेलच्या जड पाण्यात साबणाचा चुन्याशी संयोग होऊन चिकट साका बनतो आणि तो अंगावर राहतो. अशा पाण्याच्या गावात साबणविरहित, साडेपाच पीएचची वडी, जिला डॉक्टर ‘सिंडेट बार’ म्हणतात, ती सरस ठरते.

प्रिझर्व्हेटिव्हबद्दल भीती सर्वांत जास्त आणि गोंधळही सर्वांत जास्त. पाणी असलेल्या प्रत्येक बाटलीत जंतू वाढू शकतात, आणि ओल्या हातांनी उघडल्या जाणाऱ्या न्हाणीघरातल्या बाटलीत तर नक्कीच. म्हणून ‘प्रिझर्व्हेटिव्हविरहित’ लोशन हे आपोआप सुरक्षित नसते. कोणते प्रिझर्व्हेटिव्ह, हाच खरा प्रश्न आहे.

टाळायचा पहिला गट फॉर्मल्डिहाइड सोडणाऱ्यांचा. डीएमडीएम हायडॅन्टॉइन, इमिडाझोलिडिनिल युरिया, डायाझोलिडिनिल युरिया, क्वाटर्नियम-१५, ब्रोनोपॉल आणि सोडियम हायड्रॉक्सीमिथिलग्लायसिनेट ही त्यांची नावे. ही द्रव्ये बाटलीत हळूहळू थोडे थोडे फॉर्मल्डिहाइड सोडतात आणि त्यानेच जंतू मरतात. फॉर्मल्डिहाइड हे कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात आहे. तो धोका मुख्यतः श्वासावाटे होतो; कातडीवर त्याची अ‍ॅलर्जी येते, आणि एकदा आली की आयुष्यभर राहते. अमेरिकेत २००९ साली बाळांच्या आंघोळीच्या उत्पादनांत फॉर्मल्डिहाइड आणि डायॉक्सेन सापडल्याचा अहवाल ग्राहकांच्या एका मोहिमेने प्रसिद्ध केला. त्यानंतर जॉन्सन अँड जॉन्सनने बाळांच्या उत्पादनांतून ही प्रिझर्व्हेटिव्ह काढून टाकली. भारतात २०१९ साली राजस्थानच्या औषध नियंत्रण विभागाने याच कंपनीच्या बेबी शॅम्पूच्या दोन बॅचमध्ये फॉर्मल्डिहाइड आढळल्याचे जाहीर केले. कंपनीने तो निष्कर्ष नाकारला. या वादाचा निकाल काहीही लागो, वरच्या सहा नावांपैकी एकही नाव लेबलवर असेल तर बाटली परत फळीवर ठेवावी.

दुसरा गट मिथाइलआयसोथायझोलिनोन आणि त्याचे क्लोरीनयुक्त भावंड मिथाइलक्लोरोआयसोथायझोलिनोन यांचा. ओल्या पुसण्यांमधून (वेट वाइप्स) यांचा प्रसार झाला आणि अ‍ॅलर्जीची लाटच आली. अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांनी मिथाइलआयसोथायझोलिनोनला २०१३ सालचा ‘वर्षातील अ‍ॅलर्जीकारक’ ठरवले. युरोपने २०१७ पासून लावून ठेवण्याच्या उत्पादनांत त्यावर बंदी घातली आणि धुऊन टाकण्याच्या उत्पादनांत दशलक्षात १५ भागांची मर्यादा ठेवली. मुलांच्या वाइप्समध्ये, लोशनमध्ये आणि तेलात ते असूच नये.

पॅराबेन बदनाम आहेत, पण ती बदनामी सरसकट देण्याजोगी नाही. त्यांची अ‍ॅलर्जी फार क्वचित येते. वर उल्लेखलेल्या तज्ज्ञांनीच २०१९ मध्ये त्यांना ‘वर्षातील बिनअ‍ॅलर्जीकारक’ म्हटले. शंका आहे ती संप्रेरकांसारख्या सौम्य परिणामाची, आणि तीही लांब साखळीच्या ब्युटिल व प्रोपिल पॅराबेनबाबत. डेन्मार्कने २०११ मध्ये तीन वर्षांखालील मुलांच्या उत्पादनांत ही दोन्ही थांबवली. २०१४ मध्ये युरोपने या वयाच्या मुलांच्या डायपरखाली लावून ठेवायच्या उत्पादनांत ती बंद केली. मिथाइल आणि इथाइल पॅराबेनला मात्र ठरावीक मर्यादेत मान्यता कायम आहे. मिथाइल पॅराबेनच्या भीतीने मिथाइलआयसोथायझोलिनोनची बाटली घरात आणणे हा सौदा तोट्याचा आहे, आणि ‘पॅराबेनविरहित’ लिहिलेल्या अनेक बाटल्यांनी तो ग्राहकांच्या गळ्यात मारला आहे.

फिनॉक्सीइथेनॉलबाबत फ्रान्सच्या औषध नियामकाने २०१२ मध्ये सावधगिरी सुचवली: डायपरच्या जागी नको आणि तीन वर्षांखाली ०.४ टक्क्यांपेक्षा जास्त नको. युरोपच्या वैज्ञानिक समितीने २०१६ मध्ये १ टक्का सर्व वयांसाठी सुरक्षित ठरवला. फ्रान्सचा सल्ला डायपरच्या जागेपुरता पाळावा. इतरत्र काळजीचे कारण नाही.

सुगंध हा एकच शब्द लेबलवर अनेक रसायने झाकून ठेवतो. ‘परफ्यूम’, ‘पार्फम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ या नावाखाली किती आणि कोणती द्रव्ये आहेत हे भारतात सांगावे लागत नाही. युरोपात लिमोनिन, लिनालूल, जिरॅनिऑल यांसारखी २६ अ‍ॅलर्जीकारक द्रव्ये नावानिशी छापण्याचा नियम २००५ पासून आहे आणि २०२३ च्या सुधारणेने ही यादी ऐंशीच्या पुढे गेली. फुलांच्या वासाच्या अनेक उत्पादनांत असलेले ‘लिलिअल’ पुनरुत्पादनाला घातक ठरल्याने २०२२ पासून तिथे बंद आहे. बाटलीवर ‘ब्युटिलफिनाइल मिथाइलप्रोपिओनल’ दिसले तर तेच ते. मुलाला सुगंधाची गरज नसते, त्याची आवड मोठ्यांना असते. त्यामुळे एकच घटक वगळायची मुभा असेल तर तो सुगंध असावा. लॅव्हेंडर आणि टी-ट्री तेलही यातच धरावे. २००७ साली तीन लहान मुलग्यांमध्ये छातीची वाढ या तेलांच्या वापराशी जोडणारी नोंद प्रसिद्ध झाली. तिच्यावर पुढे आक्षेप घेतले गेले. अ‍ॅलर्जीचा प्रश्न मात्र वादातीत आहे.

आता घरगुती आणि ‘नैसर्गिक’ वस्तूंकडे वळले पाहिजे, कारण महाराष्ट्रात मुलाची आंघोळ अजून बरीचशी त्यांच्यावरच चालते. मसूर डाळीचे पीठ, बेसन, दूध, साय, हळद, उटणे यांना रसायनांची भीती नाही म्हणून ती निर्धोक मानली जातात. जपानचा अनुभव इथे डोळ्यांत अंजन घालणारा आहे. तिथे गव्हाचे विघटित प्रथिन घातलेला चेहऱ्याचा एक साबण लोकप्रिय झाला. तो रोज वापरणाऱ्या दोन हजारांहून अधिक लोकांना गव्हाची अ‍ॅलर्जी झाली. गव्हाचा साधा पदार्थ खाल्ल्यावर त्यांना धाप लागू लागली. खाण्यातून सहज पचणारे प्रथिन कातडीवाटे आत गेले की शरीर त्याला शत्रू समजू शकते, आणि कातडी जितकी तडकलेली तितका हा धोका मोठा. म्हणून निरोगी कातडीच्या मुलाला कधीमधी डाळीच्या पिठाने न्हाऊ घातले तर बिघडत नाही. इसब असलेल्या मुलाला मात्र बेसन, दूध, शेंगदाण्याचे तेल, गहू किंवा ओटचे प्रथिन लावू नये. पीठ खसखसून घासणे तर कोणत्याही मुलाला नको. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेले तर साबणापेक्षा जास्त झोंबते. टाळूवर वेखंडाची पूड दाबण्याची पद्धतही सोडावी: पूड श्वासात जाते, आणि वेखंडातल्या बीटा-असारोनमुळे अमेरिकेत १९६८ पासून ते खाद्यपदार्थांत चालत नाही.

तेलांत खोबरेल उत्तम. कोमट खोबरेल तेलाने टाळू भरण्याला विज्ञानाचा विरोध नाही. मोहरीचे तेल कातडीचे संरक्षक आवरण ढिले करते, ऑलिव्ह तेलातल्या ओलेइक आम्लाचाही परिणाम तसाच होतो. कोरड्या कातडीला दोन्ही नकोत. बाजारातल्या ‘बेबी ऑइल’मध्ये बहुधा लिक्विड पॅराफिन असते. ते कातडीला अपाय करत नाही, मात्र ते मुलाच्या हाताशी ठेवू नये. प्यायल्यावर ठसका लागून फुप्फुसात गेले तर न्यूमोनियासारखा गंभीर दाह होतो.

सर्वांत मोठा इशारा कापराबद्दल द्यावा लागतो. खोबरेलात कापूर घालून मुलाच्या डोक्याला लावण्याची रीत कोंड्यासाठी, उवांसाठी, सर्दीसाठी सर्रास आहे. ‘थंडा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या केशतेलांत कापूर आणि मेंथॉल दोन्ही असतात. कापूर कातडीतून आणि श्वासातून शोषला जातो, पोटात थोडा गेला तरी लहान मुलाला काही मिनिटांत झटके येऊ शकतात. मेंथॉलने तान्ह्या बाळाचा श्वास अडखळल्याच्या नोंदी आहेत. तीन वर्षांखालच्या मुलाच्या तेलात या दोहोंपैकी काहीही असू नये. उवांचे औषध तर शॅम्पूच्या बाटलीत आले तरी औषधच. ते डॉक्टरांना विचारूनच आणावे, आणि लिंडेन असलेले कधीही नाही.

बाटलीच्या दर्शनी भागावरचे शब्द फारसे काही सिद्ध करत नाहीत. ‘हायपोअ‍ॅलर्जेनिक’ या शब्दाला अमेरिकेत १९७५ मध्ये व्याख्या देण्याचा प्रयत्न झाला. १९७७ मध्ये न्यायालयात तो नियम टिकला नाही. ‘डर्मेटॉलॉजिकली टेस्टेड’ म्हणजे चाचणी झाली. तिचा निकाल काय लागला हे त्यात नसते. घटकांना गुण देणारी मोबाइल अ‍ॅप्स उपयोगी पडतात, पण त्यांतली बरीच घटकाचे मूळ घातकपण मोजतात, बाटलीतले प्रमाण नाही. त्यांच्या लाल खुणेने घाबरू नये, हिरव्या खुणेने निश्चिंत होऊ नये.

नवीन उत्पादन आणल्यावर ते मुलाच्या कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी लावून पाहावे. लोशन किंवा तेल दिवसातून दोनदा, सलग आठवडाभर. शॅम्पू आणि बॉडी वॉश मात्र पाण्यात मिसळून, मिनिटभर ठेवून धुवावे. ते न धुता ठेवले तर चांगले उत्पादनही दाह करते. लाली, खाज किंवा पुरळ आले तर वापर थांबवावा आणि मुलाला डॉक्टरांकडे नेताना बाटली सोबत न्यावी.

अपाय झाला तर तक्रार महाराष्ट्रात आणि गोव्यात त्या त्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करायची असते. तिथे यंत्रणा आहे, पण तिचा वेग नेहमीच पुरेसा नसतो. जॉन्सन अँड जॉन्सनच्या मुलुंडच्या कारखान्यातल्या बेबी पावडरचे नमुने २०१८ मध्ये घेतले गेले, पीएच मर्यादेबाहेर असल्याच्या कारणावरून परवाना २०२२ मध्ये रद्द झाला, आणि जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विलंबावर ताशेरे ओढत परवान्याबाबतचे आदेश रद्द केले. तक्रार वेळीच व्हावी आणि नमुना नेमक्या त्याच मालाचा घेतला जावा, यासाठी बॅच क्रमांक आणि उरलेली बाटली लागते. मुलाच्या अंगावर पुरळ दिसताच बाटली फेकून देऊ नये; झाकण लावून, खरेदीच्या पावतीसह ती जपून ठेवावी.